दत्तरावाची घोंगडी

झरी गावाच्या अलीकडं माळाला लागून धोंडीबाची वस्ती होती. वस्ती म्हणजे काय, एक माळवदाचं घर, पुढं ओसरी, अंगणात लिंबाचं झाड आणि बाजूला बोराटीच्या काट्यांनी घेरलेलं मेंढरांचं वाडगं. पोटापुरती जमीन होती, पण घर चालायचं ते मेंढरांवर. धोंडीबा आता थकला होता. कळपामागं त्याचा एकुलता एक लेक दत्तराव जायचा. घरात दत्तरावाची बायको मनकर्णा, तिची रांगती पोर कमळी आणि या सगळ्यांवर धाक ठेवून असलेली दत्तरावाची आई, कासाबाई.

कासाबाईचं मन एकाच गोष्टीत असायचं, ते म्हणजे तिचा लेक. त्याच्या आधीची तिची मुलं जगली नव्हती. दत्तराव तेवढा वाचला. तो मिसरूड फुटायच्या वयाचा झाला तेव्हा तिनं कोकरांचं जावळ, म्हणजे पहिल्या कातरणीची मऊ लोकर, साठवून ठेवली, स्वतः चातीवर सूत काढलं आणि सनगराकडून त्याच्यासाठी काळीभोर घोंगडी विणून घेतली. ती घोंगडी दत्तरावाच्या खांद्यावरून कधी उतरली नाही. उन्हात डोक्यावर, पावसात खोळ करून, निजताना अंगाखाली.

ते साल जर्मनीच्या लढाईचं. घासलेट मिळत नव्हतं, कापड मिळत नव्हतं, आणि त्यातच जेठ महिन्यात जिंतूरच्या बाजूला पटकी सुरू झाल्याची आवई आली. गावोगावी लोक मरीआईचा गाडा काढून शिवेबाहेर नेऊन सोडत होते. एका गावची शीव म्हणजे दुसऱ्या गावची शीव, त्यामुळं गाडा फिरत राहिला आणि रोगही. दत्तराव जिंतूरच्या बाजाराला बोकड घेऊन गेला, तो मुक्काम करून परत आला. सकाळी मेंढरं सोडायला उठला आणि वाडग्याच्या तोंडाशीच बसला. मनकर्णा धावली. तिनं त्याला सावरलं, तेवढ्यात त्याला भडभडून उलटी झाली ती तिच्या हातावर, लुगड्यावर. उलटी कसली, तांदळाच्या धुवणासारखं पांढरं पाणी.

मनकर्णानं ते पाणी बघितलं आणि ती जागच्या जागी थिजली. मग कासाबाई लगबगीनं येताना दिसली तशी ती ओरडली, "आत्याबाई, तिथंच थांबा. पुढं येऊ नका."

सुनेनं सासूला असं बोलायची रीत नव्हती. कासाबाई थांबली ती आज्ञा पाळायची म्हणून नव्हे, नवल वाटून.

"ही पटकी हाय," मनकर्णा म्हणाली. "म्या बघितलेली हाय. मपला हात आता भरला. मी ह्यांच्याजवळ राहते. तुमी कमळीला घ्या, चूल सांभाळा, पाणी सांभाळा. माझ्याकडचं काही तुमच्याकडं येता कामा नये."

"माझ्या लेकराला मी हात लावायचा न्हाई?"

"एकीनंच लावायचा. दोघींनी लावला तर कमळीला कोन?"

मनकर्णाचं माहेर चारठाण्याच्या बाजूचं. ती लहान असताना तिच्या गल्लीत पटकी आली होती. पहिल्यांदा तिचा चुलता गेला. बायकांनी रडत रडत त्याची कापडं, वाकळा ओढ्यावर नेऊन धुतल्या, आणि त्याच ओढ्यात खाली वाळूत झिरा होता, गल्ली त्याचं पाणी प्यायची. रोगानं एक माणूस नेलं आणि धुण्यानं गल्ली नेली. मागाहून जिंतूरच्या दवाखान्यातून एक म्हातारा कंपौंडर आला. तो घराघरात जाऊन भुई खरवडून घ्यायचा, चुना टाकायचा आणि प्रत्येक उंबऱ्यावर बायकांना एकच सांगायचा, "उधर का इधर नक्को." मनकर्णा त्याच्यामागं चुन्याची पाटी घेऊन फिरली होती. आईबापाविना उरलेल्या त्या पोरीच्या मनात ते शब्द कायमचे बसले.

तिनं दत्तरावाला ओसरीलगतच्या खोलीत नेलं. उंबऱ्यावर चुना ओतून पांढरी पट्टी काढली. कासाबाईनं आतून पाणी उकळून आणायचं आणि पट्टीच्या अलीकडून, भांड्याला भांडं न लावता, वरून धार धरून मनकर्णाच्या तांब्यात ओतायचं, असं ठरलं. आत गेलेली वस्तू बाहेर येणार नव्हती. दत्तरावाची घाण मनकर्णा राखेनं झाकून खापरात भरायची आणि मागच्या दारानं नेऊन, विहिरीपासून लांब, धोंडीबानं खणलेल्या खड्ड्यात चुन्याखाली पुरायची. कमळी माजघरात आईसाठी रडायची. दूध दाटून मनकर्णाची छाती दुखायची, तिनं फडक्यानं ती करकचून बांधली होती. कासाबाई पोरीला शेळीचं दूध उकळून, बोंडल्यानं पाजत होती.

एवढ्या मोठ्या देहाचा दत्तराव दिवसभरात वाळून काडी झाला. डोळे खोल गेले, हातापायात गोळे यायला लागले. दुसऱ्या दिवशी उन्हं चढल्यावर कासाबाई पाणी घेऊन उंबऱ्यापाशी आली तेव्हा त्यानं मान वळवली.

"माय," त्याचा आवाज पार बसला होता, "जवळ ये की."

कासाबाईनं पाय उचलला. मनकर्णा उठून दाराच्या मधोमध उभी राहिली. माजघरात कमळी रडत होती. कासाबाईनं उचललेला पाय पुन्हा मागं ठेवला.

"हितंच हाय मी, बाळा," ती म्हणाली. "हितंच हाय."

तो तिच्याकडं बघत राहिला. दुपार कलायच्या आत त्याचा जीव गेला.

गावातनं खांद्याला कुणी येईना. शेवटी भावकीतला आश्रुबा आणि सटवाजी तेवढे आले. बापानंच लेकाला खांदा दिला. परत आल्यावर मनकर्णानं त्या तिघांना अंगणाच्या कडंला उभं करून, कढत पाण्यानं आणि राखेनं कोपरापर्यंत हात धुवायला लावले, अंगावरची कापडं उकळायला घेतली. आश्रुबा कुरकुरला, पण धुतले त्यानं हात. धोंडीबा लिंबाखाली जाऊन बसला आणि त्यानं अन्नाला शिवायचं सोडलं.

दुसऱ्या दिवशी मनकर्णानं घर साफ करायला घेतलं. कपाळ पुसलेलं, पोटात काही नाही, पण हात थांबत नव्हते. कासाबाई माजघराच्या दारातून बघत होती. खोलीतलं सगळं, वाकळ, उशाचं गाठोडं, खापरं, केरसुणी, मागच्या दारानं बाहेर निघालं आणि खड्ड्याशेजारी ढीग पडला. मातीची भुई काही धुवून निघत नाही. मनकर्णानं खुरप्यानं ती वीतभर खरवडली आणि ती माती पाटीनं नेऊन पुरली. भिंतींना कमरेइतका चुना मारला. एका पाटीनं घाण, दुसऱ्या पाटीनं चुना, आणि एकीचं काम दुसरीला सांगायचं नाही. मधे घाम पुसायलासुद्धा हात तोंडाकडं नेत नव्हती, दंडानं पुसायची.

ढिगाच्या वर घोंगडी होती.

"मनकर्णे," कासाबाई म्हणाली, "तेवढी घोंगडी ठिव. लोकर हाय ती. उन्हात टाकली की काय असंल ते मरून जाईल."

"ती ओली हाय, आत्याबाई. शेवटपर्यंत त्यांच्या अंगाखाली होती."

"जावळाची हाय. म्या सूत काढलंय तिचं."

"ठाऊक हाय मला," मनकर्णा हळूच म्हणाली, आणि पाटी उचलून पुन्हा आत भुई खरवडायला गेली. ढीग पेटवायला तुराट्या आणायच्या राहिल्या होत्या.

कासाबाईनं कमळीकडं बघितलं. पोर निजली होती. मग ती मागच्या अंगणात गेली. तिनं ठरवून काही केलं नाही. लेकानं बोलावलं आणि आपण गेलो नाही, एवढी एकच गोष्ट रात्रभर तिच्या छातीत घण घालत होती. तिनं घोंगडी उचलली, वाडग्याच्या कोपऱ्यात कोकरांसाठी घातलेल्या खोपटात नेली आणि तिथं बसून तोंडाला लावली. आजाराच्या वासाखाली, आत कुठंतरी, दत्तरावाचा वास होता. मेंढराचा, घामाचा, उन्हाचा. ती पुष्कळ वेळ तशीच बसली. मग घोंगडीची घडी करून तिनं ती खोपटाच्या आढ्याला, पाल्यात खोचून ठेवली.

बाहेर येते तो शेळ्या ओरडायला लागल्या होत्या, धारेची वेळ झाली होती. लिंबाखाली धोंडीबा मान घालून बसला होता. तिला त्याची दया आली. तिनं पदराला हात पुसले, शेळी धरली आणि तांब्यात धार काढली. धोंडीबाला लहानपणापासून दूध धारेचंच, कोमट आणि फेसाळ, प्यायची सवय.

"घ्या," ती म्हणाली. "एवढं तरी पोटात जाऊ द्या."

त्यानं तांब्या घेतला आणि गटागटा पिला. लेक गेल्यापासून त्याच्या पोटात गेलेलं ते पहिलं अन्न. कासाबाईला बरं वाटलं. राहिलेलं दूध तिनं कमळीसाठी चुलीवर ठेवलं.

दिवस कलल्यावर मनकर्णाचं काम उरकलं. तिनं कढत पाण्यानं लिंबाचा पाला घालून डोक्यावरून आंघोळ केली, जुनं लुगडं ढिगावर टाकलं आणि धुतलेलं नेसली. तुराट्या रचताना तिचा हात थबकला. ती वळून आली.

"आत्याबाई, घोंगडी कुठंय?"

कासाबाई चुलीपाशी होती. ती खाली बघत राहिली.

मनकर्णानं आरडाओरडा केला नाही, कपाळावर हात मारला नाही. ती दारातच उभी राहून म्हणाली, "ती ठिवल्यावर तुमचा हात कुठं कुठं लागला, ते सांगा. इसरू नका काही."

"वाडग्याच्या दाराच्या झापाला," कासाबाई म्हणाली. "पदराला. शेळीला. तांब्याला."

"तांब्यात काय होतं?"

"दूध."

"कमळीला पाजलं?"

"न्हाई. ती निजलीय. तापवलंय नुसतं."

"मंग?"

कासाबाईनं लिंबाकडं बघितलं. मनकर्णानंही बघितलं. धोंडीबा तसाच बसला होता, बाजूला तांब्या आडवा पडला होता. मनकर्णा मटकन खाली बसली. एवढ्या दिवसांत कासाबाईनं तिला पहिल्यांदाच असं बसलेलं पाहिलं.

पण ती बसून राहिली नाही. तिनं चुलीवरचं दूध सांडून दिलं, तांब्या आणि पातेलं उकळत्या पाण्यात बुडवलं, झापाला चुना फासला, माजघरातला कासाबाईच्या हाताखालचा माठ फोडून टाकला. "आता तुमी बाहेर," ती म्हणाली, "अन् मी आत." मग ती कमळीपाशी गेली. कासाबाईला बाहेरून पोरीचं हसणं ऐकू आलं, आई दिसल्यावर ती हसत होती.

घोंगडी कासाबाईनं स्वतः खोपटातून काढली आणि पेटवलेल्या ढिगावर टाकली. लोकर पटकन पेटत नाही. ती धुमसत राहिली, करपट वास माळभर पसरला, आणि मेंढरं वाडग्याच्या पलीकडच्या कडंला जाऊन दाटीवाटीनं उभी राहिली.

धोंडीबाला दुसऱ्या दिवशी दुपारी धरलं. कासाबाईनं त्याला घरात नेलंच नाही. कोकरं बाहेर काढून तिनं खोपटात त्याचं अंथरूण केलं आणि भोवती चुना टाकला. मनकर्णा पाणी उकळून आणायची आणि वरून धार धरून ओतायची. आधी जे मनकर्णानं केलं ते आता कासाबाई करत होती, आणि आधी कासाबाई जिथं उभी राहायची तिथं मनकर्णा.

म्हातारा शुद्धीवर होता. पायातले गोळे जरा थांबले की बोलायचा.

"दत्त्यानं अन् म्या एकाच पंगतीला बसायचं ठरवलं म्हन की," तो म्हणाला.

कासाबाई त्याचे पाय चोळत होती. तिला राहवलं नाही. "आवं, माझ्या हातून झालंय हे. काल म्या दिलेलं ते दूध..."

"दूध?" त्यानं डोळे मिटले. तिला वाटलं ग्लानी आली. मग म्हणाला, "लय ग्वाड होतं बग. पोरगं गेल्यापासून तेवढंच एक घशाखाली उतरलं."

त्याला कळलं नाही, का कळून त्यानं तसं म्हटलं, हे कासाबाईला कधीच उमगलं नाही. पुन्हा विचारायचा धीर तिला झाला नाही, आणि पुढच्या दिवशी विचारायला तो उरला नाही.

त्या वेळी साफसफाई कासाबाईनं एकटीनं केली. मनकर्णा लांबून सांगायला उभी होती, पण सांगायची वेळ आली नाही. धोंडीबाचं अंथरूण, पटका, धोतर, सगळं तिनं एकेक करून जाळलं. त्याच्या पायातला जोडासुद्धा. कशावर हात रेंगाळला नाही तिचा. खोपट पाल्यासकट पेटवून दिलं, खालची माती खरवडून पुरली. अंगावरचं लुगडं टाकून मनकर्णानं लांब ठेवलेलं नेसली. मग लिंबाच्या पलीकडं, बांधाला टेकून, उघड्यावर राहिली. मनकर्णा दगडावर भाकरी ठेवून मागं सरायची, मग ती उठून घ्यायची. बरेच दिवस असे गेले. तिला काही झालं नाही. व्हावं असं तिला वाटत होतं, पण झालं नाही.

दिवस घालायला धोंडीबाची बहीण बायनाबाई जिंतूरकडून आली. रोग तोवर ओसरला होता. ओसरीवर बसून ती आधी रडली, मग डोळे पुसून विचारायला लागली. आश्रुबाही होता तिथं.

"दत्तूचं समजलं, बाजारातनं आणलं त्यानं," बायनाबाई म्हणाली. "पर दादा त्याच्या अंगाला लागला न्हवता म्हन. घरात एवढं सोवळंओवळं पाळलं तुमी. मंग दादाला कसं धरलं, वयनी?"

कासाबाईचे ओठ हलले. तिच्या आधी मनकर्णा बोलली.

"मामांनी खांदा दिला, आत्या. तिथं हात लागला."

"हात धुतले न्हवते का?"

"धुतले. पर पाणी म्या दिलं होतं. तापलेलं नसंल नीट. माझीच नदर चुकली."

आश्रुबानं मान वर केली. कढत पाण्यानं हात कसे पोळले होते ते त्याला आठवत असणार. पण तो पुन्हा खाली बघायला लागला. बायनाबाई मात्र मनकर्णाला बोलली. पांढऱ्या पायाची म्हणाली, नवऱ्याला खाल्लं आणि सासऱ्यालाही, म्हणाली. मनकर्णा कमळीला मांडीवर थोपटत सगळं ऐकत राहिली. कासाबाई समोर बसली होती. 'ती खोटं बोलायली,' एवढंच म्हणायचं होतं. तोंड उघडून एवढे शब्द टाकायचे, तर जिभेवर धोंडा ठेवल्यासारखं झालं. ती गप्प राहिली, आणि त्या गप्प राहण्याचं ओझं तिला घोंगडीपेक्षाही जड झालं.

पाहुणे गेल्यावर दोघी ओसरीवर उरल्या.

"खोटं कामून बोललीस?" कासाबाईनं विचारलं.

मनकर्णा निवडायला घेतलेल्या ज्वारीतून खडे काढत होती. "मला लोक आठ दिस बोलतील," ती म्हणाली. "रांडमुंड सून, बोलून घ्यायलाच असते. तुमाला बोलले असते तर तुमी त्या हिरीचं पाणी बघितलं असतं. तेवढं कळतंय मला."

बांधावर पडल्या पडल्या कासाबाईनं खरंच विहिरीकडं बघितलं होतं.

"अन् मला एकटीला न्हाई निभायचं हे," मनकर्णा सुपातच बघत म्हणाली. तिचा आवाज इतक्या दिवसांत पहिल्यांदा फुटला. "मेंढरं हाईत, हे लेकरू हाय. मला माय न्हाई, बाप न्हाई. आता हे बी न्हाईत. तुमी तरी ऱ्हावा."

ज्वारीत पाणी पडायला लागलं तसं तिनं सूप बाजूला सरकवलं. कासाबाई उठून तिच्याजवळ गेली, आणि जवळ गेल्यावर आपोआप थांबली. हात पुढं करायचा का नाही, ते तिला कळेना. मनकर्णानंच तिचा हात ओढून घेतला आणि त्यात तोंड लपवून रडली. नवरा गेल्यापासून ती रडली नव्हती, हे कासाबाईच्या तेव्हा ध्यानात आलं. रडायला डोळ्याला हात लावावा लागतो, आणि तो तिनं लावला नव्हता.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर मेंढरं ओरडायला लागली. त्यांना न्यायला घरात पुरुष नव्हता. कासाबाईनं भाकरी फडक्यात बांधली, झाप काढला आणि कळप माळाकडं वळवला. धनगराची लेक होती ती, पण कळपामागं जाऊन तिला जमाना झाला होता. गुडघे दुखत होते. मेंढरं दत्तरावाच्या सवयीच्या वाटेनं आपली आपण चालली होती, आणि ती त्यांच्यामागून जात होती.

दिवस मावळायच्या आधी ती परतली तेव्हा ओसरीवर पाण्याची घागर भरून ठेवलेली होती, शेजारी राख. तिनं हात घासले, कोपरापर्यंत, नखं नखं करून. झाले तरी पुन्हा घासले.

"पुरं आता, आत्याबाई," आतून मनकर्णा म्हणाली. "कमळी खवळलीय. पीठ मळलंय, तुमी भाकरी थापा. मी हिला घेते."

कासाबाई थोडा वेळ उंबऱ्यापाशी उभी राहिली. मग आत जाऊन चुलीपाशी बसली आणि तिनं पिठाचा पहिला गोळा हातात घेतला.